एक पडदा, दोन संगणक: स्विच निवडण्यामागचं विज्ञान

कंपनीचा लॅपटॉप आणि घरचा डेस्कटॉप एकाच टेबलावर, अशी मांडणी घरून काम सुरू झाल्यापासून शहरांतल्या कितीतरी घरांत दिसते. दोन मॉनिटर आणि दोन कीबोर्ड ठेवायला जागा नसते. अशा वेळी मधे एक पेटी बसवली, की एकच संच दोन्ही यंत्रांना पुरतो. बटण दाबलं की पडदा, कीबोर्ड आणि माउस एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. सर्व्हर रूममध्ये अनेक सर्व्हर एका जागेवरून हाताळण्यासाठी ही युक्ती फार पूर्वीपासून वापरात आहे. बाजारात या पेटीला केव्हीएम स्विच म्हणतात आणि काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत तिची किंमत जाते.

एवढा फरक कशामुळे? रेल्वेचा सांधा फिरवला की गाडी दुसऱ्या रुळावर जाते, तसंच या पेटीचं काम असेल असं वरवर वाटतं. पण संगणक आणि मॉनिटर केबल जोडताक्षणी एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात. ती सांभाळते ती चांगली पेटी. मधेच तोडते ती स्वस्त पेटी.

मॉनिटरच्या पोटात एक छोटी स्मृती असते. आपण किती पिक्सेलचे, किती रिफ्रेश रेटवर चालतो, कोणते रंग दाखवू शकतो, हे तिच्यात नोंदलेलं असतं. या नोंदीला ईडीआयडी म्हणतात. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये तिचं प्रमाण ठरवलं आणि तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटचा आहे. केबल लागली की संगणक ही नोंद वाचतो आणि त्यानुसार चित्र पाठवतो. साध्या पेटीत बटण दाबलं की पहिल्या संगणकाच्या दृष्टीने मॉनिटर काढून घेतलेला असतो. तो उघड्या खिडक्या गोळा करून लॅपटॉपच्या पडद्यावर ढकलतो. आपण परत येतो तेव्हा सगळी मांडणी विस्कटलेली असते. ‘ईडीआयडी इम्युलेशन’ असलेली पेटी ही नोंद स्वतःजवळ ठेवते आणि मॉनिटर दुसरीकडे असतानाही पहिल्या संगणकाला ती दाखवत राहते. दिवसातून अनेकदा अदलाबदल करणाऱ्याने या सोयीसाठी जास्त पैसे जरूर मोजावेत.

दुसरा प्रश्न चित्राच्या वेगाचा. इथे थोडा हिशेब करू. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर दर सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट माहिती होते. चित्रांमधला मोकळा काळ आणि सांकेतिक रूपांतराचा भार मिळवला, की एचडीएमआय तारेवर हा आकडा १८ गिगाबिटच्या घरात जातो. २०१३ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.० ची क्षमता नेमकी तेवढी आहे. त्याआधीच्या १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट, म्हणून पूर्ण रंगांसह फोर-के त्यावर ३० हर्ट्झलाच चालतं आणि माउसचा बाण अडखळत सरकतो.

खोक्यावर नुसतं ‘फोर-के’ लिहिलेलं असेल तर ‘६० हर्ट्झ’ आणि ‘४:४:४’ हे दोन आकडे शोधावेत. ‘४:२:०’ असेल तर रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच पाठवली जाते. चित्रपटात ते जाणवत नाही. पण रंगीत बारीक अक्षरांच्या कडा फिसकटतात आणि दिवसभर मजकूर वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. ज्याचा मॉनिटर साधा फुल एचडी आहे, त्याला मात्र या शर्यतीत पडायचं कारण नाही. तिथे पिक्सेल एक चतुर्थांश असतात.

तिसरी बाजू यूएसबीची. कीबोर्ड आणि माउस यांची भूक फार कमी. सेकंदाला १५ लाख बिट वाहणारा सर्वांत संथ यूएसबी वेगही त्यांना पुरतो. एक्स्टर्नल एसएसडी जोडायची असेल तर मात्र ५ गिगाबिटचा यूएसबी ३ हवा. विजेचाही विचार करावा लागतो. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि ३ मधून ९०० मिलिअँपिअर मिळणं प्रमाणात धरलेलं आहे. तेवढ्यात कीबोर्ड, वेबकॅम, हेडफोन आणि हार्ड डिस्क भागवायची म्हटली की उपकरणं अधूनमधून गळतात. म्हणून स्वतंत्र अडॅप्टर लावता येणारी पेटी घ्यावी. फाइल कॉपी होत असताना बटण दाबणं म्हणजे पेन ड्राइव्ह उपटून काढणंच. डेटा खराब होऊ शकतो.

काही पेट्यांत कीबोर्डसाठी खास पोर्ट असतो. त्यातून पेटी प्रत्येक संगणकाला सतत कीबोर्ड जोडलेला असल्याचं भासवते. त्यामुळे बदल झटपट होतो आणि स्क्रोल लॉक दोनदा दाबण्यासारखी शॉर्टकट चालते. पण जास्तीची बटणं असलेला माउस किंवा वेगळ्या धाटणीचा कीबोर्ड तिथे कधी कधी नीट ओळखला जात नाही. तो शेजारच्या साध्या यूएसबी पोर्टला लावावा. शॉर्टकट मात्र तिथून बहुधा चालत नाही.

केबलकडे तर फार दुर्लक्ष होतं. पेटीमुळे संगणक ते पेटी आणि पेटी ते मॉनिटर असे दोन टप्पे होतात आणि दोन्हींत संकेत क्षीण होतो. फोर-केसाठी केबल आखूड आणि ‘प्रीमियम हायस्पीड’ प्रमाणपत्राची असावी. लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असेल तर त्या पोर्टमधून चित्र बाहेर पडतं का, हे आधी तपासावं. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टला ती सोय नसते.

एवढं सगळं सांगितल्यावरही माझं मत स्पष्ट आहे: बऱ्याच घरांना पूर्ण केव्हीएमची गरजच नाही. बहुतेक मॉनिटरना दोन इनपुट असतात. दोन्ही संगणक थेट मॉनिटरला जोडा, त्याच्याच बटणाने इनपुट बदला आणि कीबोर्ड-माउससाठी फक्त छोटा यूएसबी स्विच घ्या. चित्राच्या वाटेत काहीच न आल्याने त्याचा दर्जाही शाबूत राहतो. फक्त बटणं दोन दाबावी लागतात. दोन पडदे असतील किंवा अदलाबदल सारखीच होत असेल, तर मात्र इम्युलेशन असलेल्या चांगल्या केव्हीएमवर खर्च करा. कंपनीचा लॅपटॉप असेल तर अशी पेटी जोडायला परवानगी आहे का, हे आयटी विभागाला आधी विचारा. आणि दुकानात जाण्यापूर्वी मॉनिटरचं रिझोल्यूशन, रिफ्रेश रेट आणि दोन्ही संगणकांचे पोर्ट कागदावर लिहून घ्या. योग्य पेटी त्या चार ओळींवरूनच ठरते.