विमानाचे दार उघडले म्हणून विमान पडत नाही

५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग विमानात, दाराच्या जागी बसवलेला एक भाग सुमारे १५ हजार फुटांवर निखळून पडला. भिंतीला पडलेल्या त्या भगदाडाचे फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. तेव्हापासून उडत्या विमानाचे दार म्हटले की तेच चित्र डोळ्यांपुढे येते. आम्ही आज लिहीत आहोत ते मात्र दोन-चार आसनांच्या, एका इंजिनाच्या छोट्या विमानांबद्दल. बारामती, धुळे, गोंदिया येथे वैमानिक व्हायला जाणारी मुले-मुली अशाच विमानांवर शिकतात. ज्या घरातले लेकरू तिकडे गेले आहे, तिथल्या अम्मी-अब्बांना हा विषय ठाऊक असलेला बरा.

या छोट्या विमानांची दारे उड्डाण घेताना उघडतात. ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. बहुतेक वेळा कारण एकच असते: कडी नीट बसलेली नसते. जमिनीवर दार लागल्यासारखे दिसते; विमान धावू लागले, हादरे बसले, वारा वाढला की ते सुटते.

पायपर चेरोकी हे जगभर शिकवण्यासाठी वापरले जाणारे विमान घ्या. त्याला पुढच्या भागात एकच दार असते, तेही उजव्या बाजूला. वैमानिक डावीकडे बसतो, म्हणून तो आधी आत शिरतो आणि सरकत आपल्या जागी जातो. शेवटी चढतो प्रवासी, आणि दार त्याच्या बाजूला येते. त्या दाराला दोन कड्या असतात, एक बाजूला आणि एक वर छताजवळ. मोटारीचे दार लावायची सवय असलेला माणूस ते ओढून घेतो, बाजूची कडी लागते, आणि वरची राहून जाते. म्हणजे ज्याने आयुष्यात पहिल्यांदा विमानात पाय ठेवला, त्याच्याच हाती दार! वैमानिकाने वाकून दोन्ही कड्या स्वतः तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.

दार सुटते तेव्हा आवाज मोठा होतो. वारा घोंगावतो, नकाशे-कागद उडतात, बोललेले ऐकू येत नाही. पण मोठ्या विमानासारखे माणूस बाहेर खेचला जाण्याचे भय इथे नसते, कारण आत हवा दाबून भरलेली नसते. पट्टा बांधलेला माणूस जागीच राहतो. शिवाय बहुतेक दारांची बिजागरी पुढच्या बाजूला असते. बाहेरून वेगाने जाणारी हवा दार थोडे बाहेर ओढते आणि समोरचा वारा ते परत ढकलतो. या ओढाताणीत दार तीन-चार इंच उघडे राहून तिथेच थांबते. वेग जरा घटतो, चढण थोडी मंदावते, पण विमान उडत राहते. चेरोकीच्या पुस्तिकेत तर स्पष्टच म्हटले आहे की दार अर्धवट उघडे असतानाही नेहमीसारखे उतरता येते.

मग माणसे मरतात कशाने? दार लावायला गेल्याने. विमान जमिनीपासून जेमतेम दोन-तीनशे फुटांवर, वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अशा वेळी वैमानिक उजवीकडे झुकतो, एका हाताने दार ओढतो, दुसरा हात नकळत नियंत्रणदांडा मागे खेचतो. नाक वर जाते, वेग पडतो, पंखांची उचल संपते, आणि विमान एका बाजूला कलंडून खाली येते. तेवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते. अपघातांच्या चौकशीत ही कहाणी पुन्हा पुन्हा सापडते: यंत्र धडधाकट, इंजिन चालू, फक्त दार उघडे.

म्हणून अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाचे प्रशिक्षण-पुस्तक दारासाठी पट्टा सोडू नका, आधी विमान उडवा, असे सांगते. धावपट्टी पुढे पुरेशी उरली असेल तर जमिनीवरच थांबावे. चाके सुटली असतील तर सरळ वर चढावे, नेहमीची फेरी घ्यावी, उतरावे आणि थांबून दार लावावे. सगळा मामला पाच-सात मिनिटांचा. काही प्रशिक्षक तर पुरेशा उंचीवर मुद्दाम दार उघडून विद्यार्थ्याला तो आवाज ऐकवतात. आम्हाला ही पद्धत फार आवडली. एकदा ऐकलेल्या आवाजाची भीती अर्धी होते.

सगळीच दारे इतकी सोशीक नसतात, हेही सांगायला हवे. डायमंड डीए-४० या विमानाचे मागचे दार वरच्या बिजागरीवर उघडते. ते हवेत उघडून निखळल्याच्या घटना घडल्या, तेव्हा ते धरून ठेवणाऱ्या भागात सुधारणा करावी लागली. दोन इंजिनांच्या काही विमानांत नाकाजवळ सामानाचा कप्पा असतो. त्याचे झाकण उघडले तर आतली पिशवी फिरत्या पंख्यात जाऊ शकते. तिथे चालढकल चालत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. आसनाच्या पट्ट्याचे टोक दाराबाहेर राहिले तर हवेत ते विमानाच्या पत्र्यावर धडाधड आपटते. आत बसलेल्याला वाटते, इंजिन फुटले. रिक्षातून ओढणी बाहेर राहू नये म्हणून आपण मुलींना टोकतो, तसेच इथे पट्ट्याचे.

एखादा नातेवाईक तुम्हाला अशा विमानात फिरवायला नेणार असेल, तर बसल्यावर दार कसे लावायचे ते त्याच्याकडून करून घ्या, पाहून घ्या. उड्डाण घेताना त्याच्याशी बोलू नका. दार उघडलेच तर त्याने सांगितल्याशिवाय हात लावू नका. बीचक्राफ्टच्या पुस्तिकेत प्रवाशाला एक काम दिलेले आहे: उतरताना, जमीन जवळ आल्यावर, दार भसकन उघडू नये म्हणून ते धरून ठेवायचे.

आणि दार उघडायचे कसे, तेही शिकून घ्या. इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली, तर वैमानिक जमिनीला टेकण्याआधी स्वतःच दाराची कडी सोडतो. आपटल्यावर चौकट वाकून दार अडकले, तर बाहेर पडता येत नाही.