संगणकाचा ताप

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आईने भिशी उचलून मला जुना संगणक घेऊन दिला. अभ्यास झाला की धाकटा भाऊ त्यावर खेळ खेळतो. गेल्या मे महिन्यात खेळता खेळता चित्र अडखळू लागले, पंखा घोंघावू लागला. प्रोसेसरचे तापमान पाहिले, तर ९६ अंश सेल्सिअस! आईचे पैसे जळाले, असेच मला वाटले.

मग मी याविषयी वाचून काढले. खेळताना प्रोसेसर ६० ते ८० आणि ग्राफिक्स कार्ड ६५ ते ८५ अंशांपर्यंत तापणे नेहमीचेच आहे. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील बऱ्याच प्रोसेसरांची ९५, तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० कार्डाची ९०. मर्यादा जवळ आली की यंत्र आपणहून वेग कमी करते. म्हणूनच चित्र अडखळते. तेवढ्यानेही भागले नाही, तर ते बंद पडते. म्हणजे ते जळत नसते, स्वतःला वाचवीत असते.

आम्ही वीज बंद करून आतली धूळ ब्रशने झाडली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलली आणि संगणक भिंतीपासून दूर सरकवला. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून भर दुपारचा खेळ बंद केला. आता आकडा ७८ वर थांबतो.

आईला आकड्यांतले कळत नाही. तिने एवढेच विचारले, “उतरला का रे ताप?”

“उतरला,” मी म्हणालो.