पाच-दहाचा आकडा आणि पस्तीस अडथळे

पहाटे पाचच्या सुमारास महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पडा. पेट्रोल पंप ओलांडला की अंधारात पावलांचा आवाज येतो. आधी आवाज, मग दमाचा सूं-सूं, मग आकृत्या. भरतीची पोरं. पोलीस शिपाई व्हायचं तर मुलांना 1600 मीटर पळावं लागतं, आणि 5 मिनिटं 10 सेकंदांत किंवा त्याच्या आत पळालं तर 20 पैकी 20 गुण. या पोरांच्या तोंडी त्याचं नाव नुसतं ‘पाच-दहा’. ‘तुझं पाच-दहा बसलं का?’ असं विचारतात, जणू काही दाढच आहे.

मला या आकड्याचं फार नवल वाटतं. घड्याळातला तो एक क्षण. त्याला वजन नाही, रंग नाही, तो कुणाला हाकत नाही. तरी हजारो पोरांना तो साखरझोपेतून उठवतो, थंडीत अर्ध्या चड्डीवर रस्त्यावर आणतो. आई उठवते तेव्हा हीच पोरं कूस बदलून झोपतात.

एकदा मैदानावर एका मुलाच्या तळहातावर बॉलपेनने लिहिलेलं पाहिलं: 5:34. कालचं टायमिंग. घामाने चार पुसट झाला होता. तो रोज पहिला लॅप पेटून पळायचा आणि तिसऱ्यात बसायचा. त्याचे सर काठाला उभे राहून म्हणाले, “अरे, चोवीस सेकंद काढायचे नाहीत तुला. शंभर मीटरला दीड सेकंद काढायचाय. तेवढंच.” पोरगं घटकाभर त्यांच्याकडे बघत राहिलं. 1600 मीटर म्हणजे सोळा वेळा शंभर. सोळा गुणिले दीड, चोवीस. हिशेब चौथीचा. पण त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते चौथीतलं नव्हतं. चोवीस सेकंदांचा डोंगर होता, त्याची सोळा ढेकळं झाली होती.

आकडा माणसाला नेमकं काय करतो, हे ठळकपणे दिसलं ते मैदानावर नव्हे, जंगलातल्या ट्रकांवर. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येय या विषयावर उभं आयुष्य घालवलं. 1970च्या दशकात लॅथमने ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा अभ्यास केला. कायद्याने जेवढं वजन भरता येतं त्याच्या साधारण 60 टक्केच ओंडके भरून हे ट्रक निघायचे. ‘जमेल तितकं चांगलं करा’ हे ड्रायव्हरांना आधीपासून सांगितलेलं होतंच. मग त्यांना एक आकडा दिला: 94 टक्के. पगारवाढ नाही, बक्षीस नाही, नाही जमलं तर दंडही नाही. काही महिन्यांत ट्रक 90 टक्क्यांपर्यंत भरून निघू लागले. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढचीच: वजनाचा अंदाज नीट यावा म्हणून ट्रकच्या खांबांत बारीकसारीक बदल ड्रायव्हरांनी स्वतः सुचवले. म्हणजे आकड्याने त्यांच्याकडून नुसते जास्त कष्ट काढून घेतले नाहीत, डोकंही चालवायला लावलं. ‘जमेल तितकं’ या शब्दांत ती ताकद नाही, कारण जमेल तितकं कधीही संपतं. आपण थकलो की तेच ‘जमेल तितकं’.

आता बीड जिल्ह्यात येऊ. आष्टी तालुक्यातलं मांडवा. तिथला अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी सहा किलोमीटर जायचा आणि तेवढंच परत यायचा. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. विशीत असताना सैन्यातल्या क्रॉस कंट्री शर्यतीतून तो गांभीर्याने पळायला लागला आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं.

स्टीपलचेस हा प्रकार जवळून पाहिलेला नसेल तर थोडं थांबून पाहायला हवं. अंतर 3000 मीटर. वाटेत 28 अडथळे आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा, एकूण 35 उड्या. अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर, म्हणजे नेमकी तीन फूट. स्वयंपाकघराच्या ओट्याहून किंचित जास्तच. साध्या हर्डलला पाय लागला तर ते आडवं होतं. हा अडथळा 80 ते 100 किलोंचा, जाड लाकडी तुळईचा. पाय लागला तर आडवा होतो तो धावणारा. पाण्याच्या खड्ड्यापाशी तुळईवर पाय देऊन लांब झेप घ्यायची आणि काठाजवळच्या उथळ पाण्यात पडून, ओल्या बुटांनी पुन्हा वेग पकडायचा. हे सात वेळा.

या शर्यतीतला भारताचा राष्ट्रीय विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता: 8 मिनिटं 30.88 सेकंद, 1981 साली. तो 37 वर्षं टिकला. 2018मध्ये भुवनेश्वरला साबळेने तो मोडला. किती फरकाने? एका सेकंदाच्या थोडं वर: 8:29.80. पुढची रांग मला कुठल्याही कादंबरीइतकी वाचनीय वाटते. 2019च्या मार्चमध्ये पतियाळाला 8:28.94. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत गर्दीत अडखळूनही 8:25.23, आणि तीन दिवसांनी अंतिम फेरीत 8:21.37, टोकियो ऑलिंपिकची पात्रता 8:22 होती, ती तिथेच पार झाली. 2021मध्ये 8:20.20. टोकियोत 8:18.12, तरी अंतिम फेरी हुकली. 2022मध्ये तिरुवनंतपुरमला 8:16.21, रबातला 8:12.48, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20. आणि 2024च्या जुलैत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91. दहा वेळा राष्ट्रीय विक्रम, त्यांतले नऊ स्वतःचेच मोडून.

या रांगेत एकही मोठी उडी नाही. सर्वांत मोठी कपात चार सेकंदांच्याही आतली. पण पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवा: 19.89 सेकंदांचा फरक. दोन्ही साबळे एकाच ट्रॅकवर पळवले, तर 2024चा रेषा ओलांडेल तेव्हा 2018चा जवळजवळ 117 मीटर मागे असेल. म्हणजे अख्खी सरळ पट्टी आणि वर थोडं वळण. आता तेच 19.89 सेकंद 35 उड्यांवर वाटून बघा. प्रत्येक उडीला अर्ध्या सेकंदाहून जरासं जास्त येतं. हा फक्त भागाकार आहे. कुठला सेकंद उडीत वाचला आणि कुठला सपाट ट्रॅकवर, हे कागदावरून सांगता येत नाही. पण भरतीच्या मैदानावरचे ते सर जे सांगत होते ते हेच.

(सहज म्हणून आणखी एक हिशेब केला. साबळेच्या 2024च्या गतीने, अडथळ्यांसकट, 1600 मीटर पळालं तर 4 मिनिटं 21 सेकंद लागतील. पाच-दहाच्या मागे लागलेल्या कुठल्याही पोराला हे सांगून पाहा. आधी हसतो, मग गप्प होतो.)

बर्मिंगहॅमला साबळे रौप्यपदकाचा मानकरी ठरला. पुढे होता केनियाचा अब्राहम किबिवोट, 8:11.15. फरक 0.05 सेकंदाचा, त्या शर्यतीच्या सरासरी गतीने मोजला तर एक फूट. 1998 ते 2018पर्यंतच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाकडेच गेली होती. आता विचार करा, साबळेने ‘केनियाच्या एकाला तरी हरवायचं’ हे एकच ध्येय धरलं असतं तर? केनियाच्या पोरांनी किती जोरात पळायचं हे त्याच्या हातात नव्हतं. स्वतःचं टायमिंग बरंचसं हातात होतं. आणि अडथळ्याच्या किती अलीकडून झेप घ्यायची, उतरताना कुठला पाय पुढे टाकायचा, हे तर सरावात रोज घासता येण्यासारखं. खेळाच्या मानसशास्त्रात ध्येयांचे हे तीन मजले मानतात: निकालाचं, कामगिरीचं आणि कृतीचं. वर चढत जावं तसा ताबा कमी होत जातो. घरी सत्कार मात्र सर्वांत वरच्या मजल्याचाच होतो.

इथवर सगळं आकड्याच्या बाजूचं झालं. पण 1989 साली अमेरिकेतल्या रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांचा एक अभ्यास आला, त्याने मला चांगलाच धक्का दिला. हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना संगणकावर विमानतळ सांभाळण्याचं काम दिलं होतं: विमानं येतायत, धावपट्टी निवडा, वाऱ्याकडे बघा, उतरवा. शिकायच्या अगदी सुरुवातीलाच ज्यांना अवघड लक्ष्य दिलं, त्यांची कामगिरी सुधारायच्या ऐवजी खालावली. तेच लक्ष्य काम अंगवळणी पडल्यावर दिलं तर फायद्याचं ठरलं. कारण पटण्यासारखं आहे. नवशिक्याचं सगळं लक्ष कृतीतच खर्च होत असतं. त्यातलं थोडं जरी आकड्याने ओढून घेतलं तर कृतीच कोलमडते. सायकल शिकणाऱ्या पोराला ‘गतिरोधकापर्यंत दहा सेकंदांत जा’ म्हटलं तर ते नाल्यात जाईल.

याचीच दुसरी बाजू 1997च्या एका प्रयोगात दिसते. बॅरी झिमरमन आणि अनास्तासिया किटसांटास यांनी शाळकरी मुलींना डार्ट फेकायला शिकवलं. काहींना सांगितलं, गुण मिळवा. काहींना सांगितलं, फक्त हात कसा जातो, नेम कसा धरायचा, फेकून झाल्यावर हात कुठे थांबतो, एवढंच बघा. आणि काहींना आधी हाताकडे बघायला सांगितलं, आणि कृती आपसूक होऊ लागल्यावर गुणांकडे वळवलं. तिसऱ्या गटातल्या मुली सर्वांत पुढे गेल्या. नुसत्या पुढे गेल्या नाहीत. त्यांना डार्ट फेकणं आवडायलाही लागलं. ज्यांनी स्वतःची प्रगती कागदावर लिहून ठेवली त्यांनाही फायदा झाला. तळहातावरचं 5:34 उगाच नव्हतं तर.

म्हणून तेरा वर्षांच्या मुलासमोर ‘जिल्ह्यात पहिला ये’ असा आकडा ठेवणाऱ्या पालकांचं मला कोडं वाटतं. या वयात शरीर हेच हलतं लक्ष्य असतं. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वांत जोरात वाढते, एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटरसुद्धा. काल छान पळणारी पोरगी सहा महिन्यांनी स्वतःच्याच पायांत अडखळते, कारण पाय नवे आहेत, त्यांची लांबी मेंदूला अजून पाठ झालेली नाही. टायमिंग वाढतं. घरी वाटतं, आळशी झाली. शिवाय शालेय स्पर्धेत ‘14 वर्षांखालील’ या एकाच रांगेत मिसरूड फुटलेला मुलगा आणि कालपर्यंत दुधाचे दात असलेला मुलगा शेजारी उभे असतात. कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकीत 1980च्या दशकात एक गोष्ट दिसून आली: निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी होती. आठ-दहा महिन्यांनी मोठं असणं हेच प्रतिभा म्हणून निवडलं जात होतं. अशा रांगेत पहिला नंबर हा काही अंशी जन्मतारखेचा दाखला असतो. अडथळा ओलांडताना ढोपर सरळ आलं का, हे मात्र जन्मतारखेवर अवलंबून नाही.

मग आकडा कधी? तो जवळ आला की. ही फार जुनी गोष्ट आहे. दिवसभर औताला पाय ओढणारे बैल संध्याकाळी घराकडे वळवले की न हाकता झपझप चालू लागतात, हे शेतात कुणालाही विचारा. 1930च्या दशकात क्लार्क हल याने हेच उंदरांवर मोजलं: खाणं जितकं जवळ, तितका उंदीर जोरात पळतो. ट्रॅकवर शेवटच्या लॅपला घंटा वाजते तेव्हा दमलेल्या पायांत कुठून तरी नवा जोर येतो, तोही यातलाच. म्हणून सहा महिन्यांनंतरचं पाच-दहा पायांना दूर असतं, आणि पुढच्या शंभर मीटरचा दीड सेकंद जवळ.

त्या पोराला मी पुन्हा पाहिलं तेव्हा हातावर आकडा नव्हता. ‘खांदे’ असं लिहिलं होतं. तिसऱ्या लॅपला त्याचे खांदे कानापर्यंत चढतात म्हणे. टायमिंग विचारलं तर म्हणाला, “सर आठवड्यातून एकदाच घड्याळ काढतात आता.” थोडा रागच होता त्याला त्याचा.

साबळे 2025च्या जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीत पडला. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली. अशा शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीची ध्येयं सेकंदांत नसतात. गुडघा पूर्ण सरळ करायचा, म्हणजे शून्य अंश. मग नव्वद अंशांपर्यंत वाकवायचा. फिजिओथेरपिस्ट कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मोठ्या भावासारखं एक साधन मांडीला आणि नडगीला लावतात, आकडा वाचतात, वहीत लिहितात. काल 62, आज 65.