चार अंशांचा खेळ: गळ रिकामा का राहतो आणि बोटीचं इंजिन का फुटतं?

इंगोलश्टाटच्या पश्चिमेला बागरझे आहे आणि आग्नेयेला, ए-९ महामार्गालगत, आउवाल्डझे. डोनाऊकाठच्या मैदानातली रेती आणि खडी उपसल्यावर जे खड्डे उरले, त्यांत भूजल भरून अशी तळी तयार होतात. जर्मनमध्ये 'बागर' म्हणजे खोदकामाचं यंत्र आणि 'झे' म्हणजे तळं, त्यामुळे त्याची जन्मकथा नावातच आली.

बायर्नमध्ये मासे पकडायचे तर आधी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि शिवाय त्या त्या पाण्याचं वेगळं परवानापत्रही. समजा, तुम्ही हे सगळं रीतसर केलं आणि ऑगस्टमधल्या एखाद्या तापलेल्या रविवारी गळ टाकून बसलात. संध्याकाळ झाली तरी दोरीला साधा हिसकाही नाही. मग आपण 'आज नशीबच नव्हतं' म्हणून सामान आवरतो. काही महिन्यांनी, थंडी सरल्यावर झाकून ठेवलेली बोट बाहेर काढावी, तर इंजिनाला चीर गेलेली! इथेही आपण नशिबालाच बोल लावतो. खरं म्हणजे या दोन्ही गोष्टींमागे पाण्याचा एकच विक्षिप्तपणा आहे.

पाणी ४ अंशांना सर्वांत जड

बहुतेक द्रव थंड होताना आकसत जातात आणि गोठल्यावर आणखी आकसतात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसपर्यंतच आकसतं. त्याखाली ते पुन्हा प्रसरण पावू लागतं आणि बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. म्हणून बर्फ तरंगतो आणि खोल तळ्यांच्या बुडाशी ४ अंशांच्या आसपासचं जड पाणी बसून राहतं.

महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्याला हे सहसा जाणवत नाही, कारण आपल्याकडच्या तलावांचं पाणी इतकं थंड होतच नाही. जर्मनीत मात्र तळ्याचं वर्षभराचं वेळापत्रक याच चार अंशांवर चालतं. वसंतात आणि शरदात वरपासून खालपर्यंत तापमान सारखं झालं, की वारा सगळं तळं ढवळून काढतो. तेव्हा प्राणवायू तळापर्यंत पोहोचतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं आणि खालच्या थंड पाण्यावर तवंगासारखं पसरून राहतं. या दोन थरांच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा एक पट्टा असतो. एडवर्ड बर्ज या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये त्याला 'थर्मोक्लाइन' हे नाव दिलं. आपण त्याला तापउताराचा थर म्हणू. दर मीटरला निदान १ अंशाने तापमान उतरत असेल, तर तो हा थर, असा त्याचा ठोकताळा होता.

हा थर वारा मोडू शकत नाही का? आकडे पाहा. ४ वरून ९ अंशांवर जाताना एक घनमीटर पाणी जेमतेम ०.२ किलोने हलकं होतं. २० वरून २५ वर जाताना मात्र सुमारे १.२ किलोने. फरक पाच अंशांचाच, पण परिणाम सहापट! म्हणून ऑगस्टमध्ये वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळायला तयारच नसतं.

मासा जातो कुठे?

खालच्या थराची हवेशी गाठच तुटलेली असते. वरून मेलेलं शेवाळ आणि पाचोळा खाली पडतो, जिवाणू तो कुजवतात आणि त्यात तिथला प्राणवायू संपत जातो. दुसरीकडे वरचं पाणी गरम असतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला ४ अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे १३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २५ अंशांना जेमतेम ८. त्यात मासा थंड रक्ताचा. पाणी १० अंशांनी तापलं, की त्याची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते.

थोडक्यात, थंड पाणी आवडणाऱ्या माशाची वरून आणि खालून कोंडी होते. वर फार ऊन, खाली श्वास नाही. तो मधल्या अरुंद पट्ट्यात राहतो. कार्पसारखा सोशिक मासा वरच्या पाण्यातही तग धरतो, पण भर दुपारी बहुतेक मासे सुस्तच असतात. अशा वेळी 'खोल पाण्यात मोठा मासा' या समजुतीने आमिष थेट तळाला सोडलं, तर ते कदाचित प्राणवायू नसलेल्या पाण्यात लटकत राहतं. तिथे कोणी फिरकत नाही.

यावर उपाय स्वस्त आहे. दोरीला दर मीटरवर गाठ मारा, टोकाला तापमापक बांधा आणि एकेक मीटर खाली सोडत आकडे लिहून घ्या. वाचन जिथे एकदम उतरतं, त्याच्या किंचित वर आमिष ठेवा. वाऱ्याकडेही लक्ष द्या. एकाच दिशेने बराच वेळ वारा वाहिला, की वरचं कोमट पाणी समोरच्या काठाशी गोळा होतं आणि तिथला थर खाली दबतो. काल ज्या खोलीवर मासा लागला, ती आज फुकट जाते ती यामुळेच.

इंजिन का फुटलं?

आता त्या ९ टक्क्यांकडे वळू. केलहाइमच्या पुढे डोनाऊवर इंजिनाच्या बोटी फिरतात. त्यांचं इंजिन बहुधा नदीचंच पाणी आत घेऊन थंड राहतं. ते पाणी हिवाळ्यात आत राहिलं आणि गोठलं, तर फुगणाऱ्या बर्फापुढे ओतीव धातूही टिकत नाही. चीर जानेवारीत पडते, कळते मात्र एप्रिलमध्ये.

म्हणून बोटीबाहेर टांगायचं इंजिन असेल तर ते उभं ठेवून पूर्ण निथळू द्या. खालच्या गिअरचं तेल शरदातच बदला. निघालेलं तेल दुधाळ दिसलं, तर सीलमधून पाणी शिरलं आहे असं समजा. तेच गोठून गिअरची पेटी फोडतं. बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनात गोठणरोधक द्रव फिरवावा लागतो. गाडीत घालतात तो बहुधा विषारी असतो, तो पाण्यात सोडू नका. शिसं-आम्लाची बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतलं उणे १० च्या आसपास गोठू शकतं. होडी साधी वल्ह्याची असली, तरी बुडाचं बूच काढून ती तिरकी ठेवा. बारीक भेगांत राहिलेलं पाणी दर थंडीत भेग थोडी रुंद करतं.

बोट कोरडी करण्याचं आणखी एक कारण आहे. बोडेनझेमध्ये २०१६ मध्ये क्वागा हा परका शिंपला आढळला. तो थंड, खोल पाण्यातही वाढतो आणि पाणीपुरवठ्याच्या नळांतही ठाण मांडतो. त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या बोटीत उरलेल्या पाण्यातून दुसऱ्या तळ्यात पोहोचतात. म्हणून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना बोट उपसणं, धुणं आणि नीट वाळवणं हे शेजारधर्माचं काम आहे.

हिवाळे सौम्य होत आहेत, तसं हे वेळापत्रकही सरकतं आहे. बोडेनझेसारखं खोल तळं सौम्य हिवाळ्यात तळापर्यंत ढवळलं जात नाही आणि तळाला मिळणारा प्राणवायू कमी पडतो. म्हणजे तापमापकाची ती गाठी मारलेली दोरी निव्वळ मासे पकडण्यापुरती नाही. मुलांना सोबत घेऊन वर्षातून चार वेळा, एकाच जागी, ती पाण्यात सोडा आणि आकडे वहीत मांडा. आपल्या घराजवळचं तळं कधी श्वास घेतं आणि कधी रोखून धरतं, हे त्या वहीतून तुम्हाला दिसू लागेल.