जिव्हाळा आणि आरोग्य

पथ्य, व्यायाम आणि औषध यांतच आरोग्याचे सारे रहस्य आहे, अशी आपली समजूत असते. अमेरिकेत १९३८ साली सुरू झालेल्या हार्वर्डच्या संशोधनात महाविद्यालयीन विद्यार्थी व बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील मुले अशा ७२४ जणांचे आयुष्य दशकानुदशके अभ्यासले गेले. पन्नाशीत ज्यांना आप्तस्नेह्यांच्या सहवासात समाधान होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले; रक्तातील कोलेस्टेरॉलपेक्षाही ही खूण भरवशाची ठरली. असे का व्हावे? दुःख बोलता आले की मनाचा ताण उतरतो. एकाकी मनुष्याचे शरीर मात्र सदैव सावध राहून झिजते, असे संशोधक मानतात. पण श्रोतेहो, आपले उणे आपणच लपविले, तर दुसऱ्याने जवळ यावे कसे? स्वतःला आहे तसे स्वीकारणे, ही स्नेहाची पहिली पायरी होय.