फियाटचा डिस्ट्रिब्युटर रजेवर

सकाळी ७.००
मयूर विहार फेज वनमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये १९७० सालची फियाट ११०० डिलाइट उभी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १०८९ सीसीची. आज तिचे पॉइंट काढून क्रँकवरचा सेन्सर आणि छोटा संगणक यांवर चालणारं इग्निशन बसवायचं आहे. चोक ओढून जुन्याच पॉइंटवर शेवटचा सेल्फ मारतो. फेब्रुवारीच्या थंडीत कुरकुरत घेते. धूर पहिल्या मजल्यावर पोचायच्या आत बंद करतो, शेजारधर्म आहे.

७.४५
त्रिलोकपुरीहून मिस्त्री आले. पहिला प्रश्न, “अंकल जी, पॉइंट में बुराई क्या है?” बुराई अशी की पॉइंटची टाच झिजते, फट कमी होते आणि टायमिंग मागे पडतं. फिलर गेज, पॉलिश पेपर, पुन्हा तेच. शिवाय हल्ली बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरवर माझा काडीचा विश्वास नाही.

८.३०
पंखा आणि रेडिएटर बाहेर. पुढची पुली उघडी पडली. पटपडगंजच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कापून घेतलेली दातेरी रिंग आम्ही एका जादा पुलीवर बोल्ट केली आहे. मूळ पुली पेटीत ठेवली. रिंगवर ३६ दातांची जागा, पैकी एक दात मुद्दाम गाळलेला. क्रँक कुठे आहे हे सेन्सरला त्या रिकाम्या जागेवरून कळतं. सेन्सरची पट्टी आधीपासून असलेल्या बोल्टांवरच धरली, ब्लॉकला नवं भोक नाही.

हा हट्ट का, तर कायदा. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१४ च्या हरित लवादाच्या आदेशापासून गंडांतर आहे. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळे नियम केले आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आली. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. म्हणून आज जे बसेल ते संध्याकाळपर्यंत काढताही आलं पाहिजे.

१०.००
दिवसातलं सगळ्यात नाजूक काम. एक नंबरचा पिस्टन नेमका माथ्यावर कधी येतो? तिथे पोचल्यावर क्रँक काही अंश फिरली तरी पिस्टन जागचा हललेला कळत नाही. तेव्हा डोळ्यांवर विसंबून चालत नाही. प्लगच्या भोकातून डायल गेज उतरवलं. पिस्टन चढताना काटा एका ठरावीक आकड्यावर आला, तिथे पुलीवर खडूची रेघ. माथा ओलांडून उतरताना काटा पुन्हा त्याच आकड्यावर, दुसरी रेघ. दोघींच्या बरोबर मधोमध खरा माथा, म्हणजे टीडीसी. मिस्त्री खाली वाकून पाना धरून क्रँक इतकी हळू फिरवत होते की मला श्वास रोखायची पाळी आली. तीनदा केलं, रेघ तिथेच आली, मग पंचने कायमची खूण.

१२.३०
आचार्य निकेतनातून छोले-कुलचे. विषय अर्थातच गाड्यांचा.

१.१५
कॉइल. काश्मिरी गेटच्या बाजारातून आणलेली, एका अंगात दोन कॉइल आणि चार तोंडं. फियाटचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या. जोडीतल्या दोन्ही प्लगना एकदमच करंट जातो: एका सिलिंडरमध्ये दाब असतो, दुसऱ्यात जळका वायू बाहेर चाललेला असतो, तिथला स्पार्क वाया. मिस्त्रींना हा उधळेपणा पटेना. मी सांगितलं, १९४८ पासूनची सिट्रोएन टू सीव्ही याच युक्तीवर चालली, तिला डिस्ट्रिब्युटर नव्हताच. “फ्रांस वाले भी जुगाड़ी निकले!”

३.००
वायरिंग. इथे घाई करणारा फसतो. सेन्सरची तार जाळीदार आवरणाची, तीही प्लग वायरींपासून लांब. प्लग रेझिस्टरवाले, नाहीतर करंटच्या गोंगाटात डब्याला दात मोजता येत नाहीत. डबा म्हणजे स्पीडुइनो, हौशी लोकांनी उघड्यावर वाढवलेला संगणक. सेल्फ मारताना बॅटरीचा व्होल्टेज दणकन खाली येतो, तेव्हा डबा झोपू नये म्हणून त्याची अर्थिंग थेट बॅटरीला दिली. डायनॅमो सध्या आहे तोच, पण आयडलला तो फारसं काही देत नाही.

४.३०
लॅपटॉपवर टायमिंग १० अंशांवर बांधून ठेवलं. सेल्फ! घेतली. पण लॅपटॉप म्हणतो म्हणून मानायचं नसतं; टायमिंग लाइट मारली तर पुलीवर ८ दिसले. दोन अंशांची दुरुस्ती घातली, आकडा आणि खूण जुळली. मगच रेव्ह वाढेल तसं टायमिंग पुढे नेणारा तक्ता चालू केला.

५.३०
पेट्रोल पंपापर्यंत. व्हिंटेज गाडी रोज वापरता येत नाही. पेट्रोल भरायला आणि देखभालीसाठी मात्र नेता येते. चौथ्या गिअरमध्ये हळू चालतानाही मिसिंग नाही.

६.१५
डिस्ट्रिब्युटरची बॉडी जागेवरच आहे, आत शाफ्ट फिरतोय. पॉइंट, कंडेन्सर, रोटर, जुनी कॉइल आणि वायरी डिकीत.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी डिस्ट्रिब्युटर भंगारात देऊ नये, ब्लॉकला ड्रिल लावू नये, आणि गाडी ‘व्हीए’ नंबरावर असेल किंवा न्यायची असेल तर पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं. डबा बंद पडला तर घरी परत आणणारे तेच जुने पॉइंट आहेत.