अष्टपैलू बचावपटूची पारख

झाशी म्हटली की मराठी मनाला प्रथम किल्ला आठवतो आणि राणी लक्ष्मीबाई आठवतात. नोकरीच्या निमित्ताने या शहरात राहू लागल्यावर माझ्या ध्यानात आले, की मैदानावरच्या येथील मुलांच्या तोंडी दुसरेच एक नाव असते. ध्यानचंद १९०५ साली जन्मले अलाहाबादेस. पण त्यांचे घर झाले ते झाशी, आणि १९७९ साली त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेही येथल्या हीरोज मैदानावरच. त्यांचा ‘झाशी हीरोज’ संघ १९३३ साली कलकत्त्याचा बेटन चषक जिंकून आला होता. त्यांचे बंधू रूपसिंग, पुत्र अशोककुमार, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळलेले, आडनावावरूनच श्रोत्यांना आपले वाटावे असे तुषार खांडेकर, ही सारी झाशीचीच नावे.

पण ही सारी नावे आघाडीच्या खेळाडूंची आहेत, हेही लक्षात घ्यावे. गोल मोजता येतात. जो गोल झालाच नाही, तो मोजायचा कसा? बचावपटूची पारख कठीण आहे ती यामुळे. आणि तो बचावपटू एकाच जागेचा नसून चार जागी खेळणारा असला, तर परीक्षकाची अडचण अधिकच वाढते.

गेल्या हिवाळ्यात एका महाविद्यालयीन सामन्यात असा एक मुलगा मी पाहिला. वय एकोणीस. पूर्वार्धात तो उजवा फुलबॅक होता, मग मध्यभागी आला, आणि पुढे हाफबॅकची जागा रिकामी पडताच तिथेही धावला. माझ्या शेजारी झाशीतच चार पिढ्या काढलेल्या मराठी घराण्यातले एक वृद्ध प्रशिक्षक बसले होते. त्या मुलाला पुढील निवडचाचणीस पाठवावयाचे की नाही, हे त्यांच्या शिफारशीवर ठरणार होते. मी कौतुक करताच ते म्हणाले, “साहेब, एक ना धड, भाराभर चिंध्या!”

त्यांचे म्हणणे अगदीच अनाठायी नव्हते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपूर्वी सरावाच्या सामन्यात जर्मनांनी आपल्या संघाला ४-१ असे हरविले. तेव्हा हिंदुस्थानातून तातडीने बोलावणे गेले ते दारा यांना, इनसाइड राइट या एका नेमक्या जागेसाठी. ते विमानाने येऊन पोचले, आणि अंतिम सामन्यात आपण त्याच जर्मनांना ८-१ असे नमविले. निवड करणाऱ्याला पुष्कळदा गुणी माणूस नको असतो; त्याला एक भोक बुजवायचे असते.

आज व्यावसायिक हॉकीत तर हे अधिकच खरे आहे. हॉकी इंडिया लीगचा लिलाव ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला, त्यात सर्वांत मोठी बोली लागली ती हरमनप्रीत सिंग यांच्यावर, ७८ लाखांची. तेही बचावपटूच, पण पेनल्टी कॉर्नरवर गोल करणारे त्यांचे ड्रॅगफ्लिक जगजाहीर आहे, म्हणजे पुन्हा मोजता येणारा गुण. नवख्यांची पायाभूत किंमत मात्र दोन लाखांपासून सुरू होत होती. त्या लिलावाच्या हंगामात लीगच्या संघात चोवीस खेळाडू होते, आणि बदली खेळाडू वाटेल तितक्या वेळा आतबाहेर करता येतात. प्रत्येक जागेला स्वतंत्र माणूस ठेवण्याची सोय असली, म्हणजे चार जागांच्या माणसाचा भाव उतरतो.

ऑलिंपिकमध्ये मात्र संघ सोळांचाच. ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदास यांना लाल कार्ड मिळाले, आणि चाळीसहून अधिक मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला. लाल कार्ड मिळालेल्याच्या जागी दुसरा कोणी येऊ शकत नाही. तेव्हा मधल्या फळीतले मनप्रीत सिंग मागे सरकून बचावात उभे राहिले. सामना १-१ असा सुटला आणि शूटआउटमध्ये आपण ४-२ असे जिंकलो. संघ जितका लहान आणि प्रसंग जितका बाका, तितके अष्टपैलूपण मोलाचे. प्रशिक्षकांना मी एवढेच सांगू पाहत होतो.

ते हसले. “पण ते खरे अष्टपैलूपण आहे, की नुसती धावपळ, हे कसे ओळखाल?”

आणि मग त्यांनीच ते मला समजावून दिले. हॉकीची काठी एकाच बाजूने सपाट असते आणि चेंडू त्या बाजूनेच खेळावा लागतो. शिवाय डावखुऱ्यांसाठी वेगळी काठी नसते. म्हणून उजव्या फुलबॅकला कडेने निसटू पाहणारा गडी त्याच्या सुलट हाताला मिळतो, तर डाव्या फुलबॅकला तोच गडी उलट्या काठीच्या बाजूने चकवून जातो. उजवीकडचा चांगला बचावपटू डावीकडे आणला, की सवयीने झेप घेतो, आणि वर्तुळात ती चुकली की पेनल्टी कॉर्नर बहाल करून बसतो. तेव्हा मुलगा किती जागी खेळला हे पाहू नये. जागा बदलल्यावर त्याचे पाय बदलले का, हे पाहावे. चेंडू येण्याआधी तो कुठे उभा आहे, गड्याला तो मैदानाच्या मध्याकडे वळू देतो की कडेला रेटतो, आणि चेंडू काढून घेतल्यावर मान वर करून कोणाला देतो, की नुसताच दूर भिरकावतो? टाळ्या मिळतात त्या झेपेला. (सरकारी कचेरीतही आग विझविणाराच सर्वांना दिसतो, दिवा वेळेवर मालवणारा दिसत नाही, पण तो विषय वेगळा.)

शेवटच्या दहा मिनिटांत त्या मुलाला डावीकडे पाठविण्यात आले. प्रतिपक्षाचा एक चपळ गडी कडेने सुटला, अगदी उलट्या काठीच्या बाजूने. मुलगा झेपावला नाही. काठी जमिनीलगत धरून, अर्धे पाऊल मागे राहून, तो त्याच्याबरोबर धावत राहिला आणि त्याला रेषेपर्यंत नेले. चेंडू बाहेर गेला. कोणी टाळी वाजविली नाही, आणि गुणलेखकाच्या वहीत काहीही नोंदले गेले नाही.

सामना संपल्यावर प्रशिक्षकांनी शिफारशीचा कागद मांडीवर घेतला. मी डोकावून पाहिले. जागेच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते, “लेफ्ट बॅक”, आणि जरा थांबून, त्याखाली बारीक अक्षरात, “उजवीकडेही.”